कोरियाच्या गाडीतली मुऱ्हाळी

गाडी जळगावला आमच्या दारात उभी राहिली त्या संध्याकाळी निम्मी गल्ली तिच्याभोवती फिरून गेली. समोरच्या किराणा दुकानातले रतिलालशेठ मागे हात बांधून दोनदा फिरले आणि म्हणाले, "ताई, बाकी छान आहे, पण ही एवढी उंच कशाला? कुणाला फेटा बांधून बसायचंय का आत?"

"हो ना," मी म्हटलं, "तुमची वरात काढायचीय."

कोरिया कुठे आला, हा पुढचा प्रश्न. आमचे हे, बन्सीलाल, जपानच्या शेजारी म्हणून असं ठणकावून सांगत होते की काल जाऊन आल्यासारखं वाटावं. त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि यायची इच्छाही नव्हती. ते सायकलवरसुद्धा चौकात उतरून चालत जाणारे गृहस्थ. गाडी मी घेतली होती. पाचव्या वेतन आयोगाचा फरक टेलिफोन खात्याने एकदम हातात दिला, त्यात माझ्या पाटल्या घातल्या. लोकांना वाटलं, बाईला ऑफिसात मिरवायचंय. माझं ऑफिस घरापासून चालत गेलं तरी चहा निवायच्या आत येतं. मला गाडी हवी होती ती धुळ्याला जाऊन धाकट्या बहिणीला आखाजीला माहेरी आणायला.

आता हे नीट सांगायला हवं, कारण खानदेशाबाहेरच्या माणसाला वाटेल की त्यासाठी गाडी कशाला, एसटी आहे की. आमच्याकडे आखाजीचा सण लेकीबाळींचा. अक्षय्य तृतीयेला लेक माहेरी येते, कडुनिंबाला झोका बांधतात, बाया गाणी म्हणतात, आमरस आणि सांजोऱ्या होतात. पण लेक आपली आपण येत नाही. माहेराहून तिला घ्यायला कोणीतरी जावं लागतं. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. बाप जातो, नाहीतर भाऊ. सासरची माणसं त्याच्या पायावर पाणी घालतात, जेवू घालतात, टोपी-टॉवेल देतात आणि मगच सून पाठवतात.

आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. आमचे वडील, आबा, होते तोवर बोदवडहून गाडी पकडून आधी जळगावला मला घेत, मग मला घेऊनच धुळ्याला शेवंताला आणायला जात. आबा गेले आणि मुऱ्हाळी संपला. माझं काही अडलं नाही. माझे सासू-सासरे नाहीत आणि बन्सीलाल मला कुठेही जाऊ देतात, किंबहुना मी गेले की त्यांना बरं वाटतं. शेवंताचं मात्र अडलं. तिचे सासरे पितांबरनाना म्हणजे रीत म्हणजे रीत. मुऱ्हाळी नाही, तर सून नाही. आबा गेल्यापासून एकाही आखाजीला ती आली नव्हती. तिची लहानगी लेक बोलायला लागली, शाळेत जायला लागली, तरी तिने आजीच्या अंगणातला झोका पाहिलेला नव्हता.

चुलतभाऊ सुरतेला. त्यांना म्हटलं की ते दरवर्षी पुढच्या वर्षी जातो म्हणायचे. शेवटी मागच्या आखाजीला मी एक शहाणपणा केला आणि बन्सीलालना पाठवलं. माझा अंदाज असा की पुरुष आहे, घरचा आहे, चालून जाईल. अहो, जावई कधी मुऱ्हाळी असतो का! नानांनी यांना जावयाच्या मानाने पाटावर बसवलं, पुरणपोळी वाढली, तूप वाढलं, नारळ दिला, आणि निघताना विचारलं, "ते ठीक, पण शेवंताले लेवाले कोन येई ऱ्हायनं?" घ्यायला कोण येतंय म्हणे! हे दोन वेळा जेवून, नारळ घेऊन, एकटे परत आले. वर मला म्हणतात, "माणसं फार चांगली आहेत." त्या रात्रीची भाजी मी मुद्दाम खारट केली.

त्यानंतर मी स्वतः नानांना फोन लावला. खात्यातली असल्याने लाइन तरी लगेच मिळते. नाना म्हणाले, "बाई, मी अडवत नाही. घरचं कोणीतरी गाडी घेऊन यायला पाहिजे. एवढंच." कोणीतरी. हा शब्द मी घट्ट धरून ठेवला. कोणीतरीमध्ये मी येत नाही, असं ते म्हणाले नव्हते. राहता राहिली गाडी.

आई बोदवडजवळ गावी एकटीच राहते. तिला सांगितलं तेव्हा तिने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "सुगंधा, तुले गाडी चालवनं जमीन का वं? मले काय, दोन्ही पोरी एका झोक्यावर पाह्यल्या म्हणजे झालं." आई कधी काही मागत नाही. तिने हे मागितलं आणि माझा निर्णय पक्का झाला.

गाडी शिकवायला शकीलभाई. त्यांची शिकवायची गाडी म्हणजे जुनी फियाट, जिचा गिअर टाकताना मला दोन्ही हात लावावेसे वाटत. त्यांनी माझ्या नव्या गाडीचं झाकण उघडलं, आत बघितलं, डोकं खाजवलं आणि हळूच मिटून टाकलं. "दीदी, इसमें तो हात डालने की जगहच नहीं." जळगावात तेव्हा कुणालाच तिच्या पोटातलं कळत नव्हतं. सर्व्हिसिंगला नाशिक गाठावं लागे. लोक म्हणायचे, वाटेत बंद पडली तर कोरियाला तार करा. ती बंद पडली नाही, हे मी इथे मुद्दाम लिहिते. बंद पडायची ती मी. चढावर क्लच सोडला की गाडी आचके द्यायची आणि मागचा रिक्षावाला माझ्या सात पिढ्यांची विचारपूस करायचा. पहिल्या महिन्यात मी अजिंठा चौफुलीवर भर गर्दीत थांबले. ट्रॅफिक हवालदार जवळ येऊन म्हणाला, "ताई, साहेबांना बोलवा." मी म्हटलं, "साहेब घरी वांगी निवडतायत." आणि गाडी चालू करून निघाले. त्या दिवसानंतर मी मुद्दाम त्याच चौकातून जायला लागले.

गाडीही हळूहळू माझी झाली. आईच्या गावी जाताना केळीच्या बागांमधला खडबडीत रस्ता ती उंच असल्यामुळे खाली न घासता पार करायची. ज्या उंचीला रतिलालशेठ हसले, तीच कामी आली. आई आत बसायची तर तिचा पदर डोक्यावरून सरकायचा नाही. मागच्या जागेत केळीचे दोन घड आरामात मावायचे. आणि थंड हवा! एप्रिलात जळगावचं ऊन अंगावर घेतलेल्या माणसालाच त्या हवेची किंमत कळेल. बन्सीलाल तर दुपारी उगाच म्हणायचे, "चल, गाडीला जरा फिरवून आणू, बॅटरी उतरेल."

आखाजीच्या आदल्या दिवशी मी निघाले. हे सोबत येतो म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही आलात की नाना पुन्हा पाट मांडतील आणि सगळं मुसळ केरात. बांभोरीचा गिरणेवरचा पूल ओलांडत होते तेव्हा समोरून कापसाच्या गाठींचा ट्रक पुलाच्या मधोमध येत होता. मी कडेला घेतलं. ट्रकवाल्याने वाकून आत पाहिलं, बाई दिसली, तर पुन्हा पाहिलं. एरंडोलपर्यंत मी चाळिसाच्या वर गेले नाही. पारोळ्यानंतर मात्र रस्ता मोकळा मिळाला आणि मी चक्क गुणगुणायला लागले. वेग वाढला तशी हिंमतही. मनात एकच: आज शेवंताला घेतल्याशिवाय धुळं सोडायचं नाही.

देवपुरातल्या त्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा दुपार भरात आली होती. ओट्यावर पितांबरनाना. नाना एसटीचे जुने ड्रायव्हर. आयुष्यभर धुळे-जळगाव रस्त्यावर लाल गाडी चालवून निवृत्त झालेले, अंगात अजून खाकी असल्यासारखे ताठ. ते उठून आले. मला नमस्कार केला, पण डोळे गाडीवर. टायरला चपलेचं टोक लावून बघितलं.

"ड्रायव्हर कोठे शे?" त्यांनी विचारलं.

"मीच चालवत आणली, नाना."

"अन् मुऱ्हाळी?"

"तीही मीच."

नाना हसले. वाईट हसले नाहीत, लहान पोर काही बोलल्यावर हसतात तसे हसले, आणि त्यानेच माझं डोकं तापलं. "बाई, बाईमानूस कधी मुऱ्हाळी व्हस का? पाव्हणी म्हणून या, जेवा, दोन दिवस राहा. पन सून पाठवणं नही. आमनामा आशी रीत नही."

"तुम्ही म्हणालात, घरचं कोणीतरी गाडी घेऊन यायला पाहिजे. मी घरची आहे. ही गाडी आहे."

"मी तसं म्हनं नव्हतं."

"शब्द तेच होते, नाना. फोनवरची बाई आहे मी. ऐकण्याचाच पगार घेते."

आतून शेवंता दारात आली होती. तिच्या मागे लहानगी. शेवंताने मला पाहिलं, गाडीला पाहिलं आणि ओठ दाबून धरले. तिचा नवरा अभिमन कामावर होता. तो असता तरी बापापुढे बोलला नसता. शेवंताच्या मागे तिची सासू भिकुबाई उभी होती, आडव्या कुंकवाची, तोंड मिटलेली. शेवंता नेहमी सांगायची की नानांपेक्षा सासूच जास्त अडवते. सुनेने माहेरचं नाव काढलं की म्हणते, आला का मुऱ्हाळी? येऊ दे, मग बोल. त्या बाईबद्दल माझ्या मनात मुळीच माया नव्हती.

नाना म्हणाले, "शेवंता, ताईले पानी दे. ताट कर."

"मुऱ्हाळी म्हणून वाढणार असाल तर जेवते," मी म्हटलं. "नाहीतर पाणीही नको. मी गाडीत बसते. शेवंता बाहेर आली की निघू."

"अन् ती उनी नही तं?"

"तर मी बसलेली आहे."

मी खरंच जाऊन बसले. दार लावलं, गाडी चालू केली, थंड हवा सोडली. आणि मग रडायला आलं. एवढे महिने शिकले, पाटल्या मोडल्या, लोकांची बोलणी खाल्ली, आणि शेवटी एका म्हाताऱ्याच्या हसण्यापाशी सगळं अडून बसावं, याचा संताप संताप झाला. आईला जाऊन काय सांगू? पण उठायचं नाही, हे ठरलेलं होतं. नाना ओट्यावर, मी गाडीत. दोघांनीही एकमेकांकडे न बघण्याचं नाटक केलं. गल्लीतल्या खिडक्या उघडायला लागल्या. कुणीतरी विचारलं, "नाना, कोन शे हाई?" नाना म्हणाले, "पाव्हणी शे," आणि पेपर उलटा धरून वाचत बसले.

काही वेळाने काचेवर टकटक झालं. भिकुबाई. हातात पाण्याचा तांब्या. मी दार उघडलं.

"पानी पी," ती म्हणाली. "पान्यावर राग नही काढवा."

मी प्यायले. घसा कोरडा पडला होता, खोटं कशाला बोलू. ती गेली नाही. उघड्या दारातून बाहेर येणारी हवा तिच्या हाताला लागली. तिने हात पुढे केला, समोरच्या जाळीपाशी धरला.

"इतली थंडी हवा कोठून येस वं?"

"पुढच्या भागात यंत्र आहे, अक्का."

"अन् तू एकलीच चलाडत लई उनी? जळगावथीन?"

"एकटीच."

"भ्या नही वाटनं?"

"वाटलं. एरंडोलपर्यंत वाटलं. मग गेलं."

हात तिने तसाच जाळीपाशी ठेवला होता. जुनाट, भाकऱ्या थापून सपाट झालेला हात. तिकडेच बघत ती म्हणाली, "मुकटीवरथीन उनी व्हशी ना तू?"

मुकटी पारोळ्याच्या आणि धुळ्याच्या मधलं गाव, रस्त्यालाच लागून. मी हो म्हटलं.

"मनं माहेर शे मुकटी. मना भाऊ झुलाल लेवाले येये. तो गया, तवपासून कोनीच उनं नही. लगनले गऊ, मयतले गऊ. आखाजीले नही." तिने एकदा ओट्याकडे पाहिलं. आवाज खाली आणला नाही, उलट जरा चढवलाच. "हाई मानूस रोज मुकटीवरथीन एसटी लई जाये. फाट्यावर भोंगा वाजाडे. जाताना एकदाव, येताना एकदाव. रातले घर ई सांगे, तुन्हा गावनं निंबनं झाड आज हिरवंगार दिसनं. पन एक दिन माले त्या गाडीमा बसाडं नही. का? तं मुऱ्हाळी उना नही."

पेपर खाली आला. नानांनी त्याची घडी करून तो बाजूला ठेवला. मला वाटतं, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. माणूस दुष्ट नव्हता. रस्ता सरळ होता, थांबे ठरलेले होते, आणि बायको कुठल्या थांब्यावर उतरू पाहते हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

आणि मला पहिल्यांदाच कळलं की ही बाई सुनेला का अडवत होती. आपल्याला कोणी न्यायला आलं नाही, तर हिला तरी का यावं, इतकंच होतं ते. फार वाईट होतं. पण मला तिचा राग धरता येईना.

मी म्हटलं, "अक्का, मुकटी माझ्या रस्त्यातच आहे. मागे जागा आहे."

तिने हात जाळीवरून काढला. पदराने तोंड पुसलं. मग वळून दाराकडे ओरडली, "शेवंता! तुन्ही पिशवी भर, अन् पोरनी. मनं ते हिरवं लुगडं काढ."

शेवंता इतकी धावत आत गेली की उंबऱ्याला ठेच लागली.

नाना उभे राहिले. "तू कोठे चालनी?"

"माहेरले," भिकुबाई म्हणाली.

"कोनासंगे?"

"मनी मुऱ्हाळी उनी शे." माझ्याकडे बोट.

"ती शेवंतानी बहीन शे!"

"तं? मना भाऊ तं नही ऱ्हायना. जी उनी ती मनी."

नाना ओट्यावरून एक पायरी उतरले. गल्लीतल्या खिडक्या आता पूर्ण उघड्या होत्या. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. पन्नास प्रवाशांना एका आवाजात मागे सरकवणारा माणूस तो. शेवटी म्हणाले ते एवढंच, "अन् सयपाक कोन करी?"

"सकायन्या भाकरी शेतीस. लोणचं शे."

हिरवं लुगडं नेसून, गाठोडं काखेत मारून ती आली. शेवंता आणि लहानगी आधीच मागे बसल्या होत्या. शेवंताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती, आणि लहानगी खिडकीची काच वर-खाली करून बघत होती. भिकुबाई पुढच्या दाराशी थांबली. नव्या गाडीत चपला घालून बसायचं नाही, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तिने चपला काढल्या, रस्त्यावर जोडीने नीट ठेवल्या आणि देवळात शिरावं तशी आत येऊन बसली. मी दार लावून घेतलं. उशीर केला तर नानांना शब्द सुचतील, या भीतीने मी लगेच गाडी काढली. आचका बसला नाही.

गल्लीच्या तोंडाशी वळायच्या आधी मी आरशात पाहिलं. नाना रस्त्याच्या मध्यावर उभे होते. हातात भिकुबाईच्या चपला. एक हात वर करून आम्हाला थांबा म्हणत होते, जन्मभर लोकांनी त्यांच्या एसटीला केला तसा.

मी ब्रेकवर पाय ठेवला. "अक्का, तुमच्या चपला राहिल्या. नाना घेऊन उभे आहेत."

भिकुबाईने मागे वळून पाहिलं नाही. समोरच्या जाळीपाशी तिने पुन्हा हात धरला.

"ऱ्हाऊ दे वं," ती म्हणाली. "माले लेवाले येतीन, तव्हय लई येतीन."